हवेची पिशवी आणि ओढणारा हात



बाहेर उन्हाची झळ अजून ओसरलेली नाही आणि आम्ही आपल्यापुढे बर्फाविषयी बोलावयास उभे आहोत, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. आपल्या सह्याद्रीत बर्फ पडत नाही. महाबळेश्वरी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठले तर तेवढ्याचीही वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. मग हिमस्खलनाशी आपला संबंध तो काय?

संबंध आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनच्या सोनम ठाण्यावर बर्फाची भिंत कोसळली आणि दहा जवान गाडले गेले. त्या दहांत आपल्या सातारा जिल्ह्यातला एक होता. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का दांडा या शिखरावर हिमस्खलनात सापडली आणि एकोणतीस माणसे गेली. हे झाले कर्तव्यावर आणि शिक्षणासाठी गेलेल्यांचे. अलीकडे केवळ हौसेने बर्फात जाणारी तरुण मंडळीही आपल्या गावोगावी दिसू लागली आहेत. पूर्वी मुलगा राजगड-तोरणा करून आला की घरचे निश्चिंत होत. आता तो हिवाळ्यात गुलमर्गला जातो, पायाला स्कीच्या पट्ट्या किंवा स्नोबोर्डची फळी बांधतो, दोन वर्षांत बऱ्यापैकी तरबेज होतो. आणि मग त्याला राखलेल्या, तपासलेल्या उतारांचा कंटाळा येऊन पलीकडचा मोकळा डोंगर खुणावू लागतो.

गुलमर्गचा पाळणा माणसाला अफरवत डोंगरावर सुमारे तेरा हजार फुटांपर्यंत नेऊन सोडतो. तेथून थोडे बाजूला वळले की राखणदारी संपते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी याच डोंगरावर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात मरण पावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गच्याच वरच्या उतारांवर एक रशियन गेला. ही मंडळी दूरदेशाहून मुद्दाम तेथे आलेली होती. तेव्हा मुलगा घरी येऊन म्हणतो, “बाबा, एक पाठपिशवी मिळते. दोरी ओढली की तिच्यातून फुगा बाहेर येतो आणि माणूस बर्फाच्या वर राहतो. किंमत लाखभर रुपये. घेऊ का?” या प्रश्नाला बापाने काय उत्तर द्यावे, एवढाच आमच्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम हे पाहू की माणूस हिमस्खलनात मरतो कसा. पुष्कळांची समजूत अशी की तो थंडीने गारठून मरतो. तसे क्वचितच घडते. बहुतेक जण गुदमरून मरतात. आणि कॅनडातल्या मृत्यूंचा अभ्यास झाला तेव्हा सुमारे चौथा हिस्सा लोक झाडांवर, खडकांवर आपटून झालेल्या जखमांनीच गेल्याचे आढळले. वाहता बर्फ थांबला की तो घट्ट बसतो, बांधकामातल्या सिमेंटसारखा. आत अडकलेल्या माणसाला बोटही हलवता येत नाही. तोंडापुढची थोडी हवा संपली की खेळ आटोपला. १९९४ साली स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरून असे मांडले गेले की पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी शेकडा ९२ जगतात आणि पस्तीस मिनिटांनंतर हा आकडा ३० वर येतो. २०२४ साली त्याच देशातल्या नव्या नोंदी धरून पुन्हा हिशेब झाला, तेव्हा ही पंधरा मिनिटेही उदार ठरली. आता दहा मिनिटेच हाताशी आहेत असे मानतात. दहा मिनिटांत कोणते पोलीस, कोणते सैन्य, कोणते हेलिकॉप्टर येणार? जो वाचवील तो शेजारी असलेला सोबतीच.

म्हणूनच मोकळ्या डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ तीन वस्तू असाव्यात असा जगभर दंडक आहे. एक, अंगावर बांधलेले बीकन नावाचे लहानसे यंत्र. ते ४५७ किलोहर्ट्झवर सारखा संदेश पाठवीत असते, आणि सोबत्याचे यंत्र तो संदेश धरून गाडलेल्या माणसापर्यंत पोचते. दुसरी, बर्फात खुपसून पाहण्याची लांब घडीची सळई. तिसरे, फावडे. या तिन्ही वस्तू माणूस गाडला गेल्यानंतरच्या आहेत. फुग्याची पिशवी, म्हणजे एअरबॅग, ही एकच वस्तू अशी की जी माणूस गाडलाच जाऊ नये म्हणून आहे. तिचे आकर्षण येथे आहे, आणि ते रास्त आहे.

या पिशवीचा जन्म प्रयोगशाळेत झालेला नाही. बव्हेरियातला योसेफ होहेनएस्टर नावाचा एक वनरक्षक शिकार खांद्यावर टाकून डोंगर उतरत असे. हिमस्खलनात सापडला असता, खांद्यावर ते धूड असले की आपण वरच राहतो, असे त्याच्या ध्यानात आले. त्यावरून त्याने खटपट सुरू केली. पुढे पेटर आशाउअर या जर्मन गृहस्थाने १९८० साली या कल्पनेचे हक्क विकत घेतले आणि १९८५ साली अशी पहिली पिशवी बाजारात आली.

धूड खांद्यावर असता माणूस वर का राहावा? वजन वाढले तर तो बुडावयास हवा, अशी शंका कोणीही घेईल. याचे उत्तर आपल्या भगिनीवर्गाला ठाऊक आहे. चिवड्याचा डबा चार वेळा हलवला की शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर येतात, पोह्यांचा चुरा आणि मसाला तळाशी जातो. निरनिराळ्या आकारांचे कण एकत्र हलू लागले की बारीक कण मोठ्यांच्या खालच्या फटींत घसरतात आणि मोठे वर लोटले जातात. हिमस्खलन म्हणजे लहानमोठ्या ढेकळांचा असाच हलता डबा. फुगा उघडला की माणूस अचानक मोठा दाणा होतो. तेव्हा हे पाण्यात तुंबा बांधून पोहण्यासारखे नाही. पाण्यात तुंबा माणसाला स्थिर असतानाही वर धरतो. येथे बर्फ हलत असेपर्यंतच फुग्याचे काम चालते. बर्फ थांबला की फुगाही आहे तेथे अडकतो. आणि डबा दोनदाच हलवला तर शेंगदाणे वर येत नाहीत, त्याप्रमाणे उतार आखूड असेल, किंवा खाली अरुंद घळ असून सारा बर्फ तीत साठत असेल, तर फुग्याला पुरेसा अवसरच मिळत नाही. खाली झाडी किंवा कडा असेल तर बर्फावर राहूनही माणूस आपटून मरतो. ही मर्यादा विकणारा आपण होऊन सांगत नाही, घेणाऱ्याने विचारली पाहिजे.

आता हिची परीक्षा कशी होते ते पाहू. स्वित्झर्लंडमध्ये दावोस येथे हिम व हिमस्खलन संशोधनाची जुनी संस्था आहे. तेथल्या लोकांनी माणसाएवढ्या बाहुल्या उतारावर ठेवल्या, सुरुंगाने हिमस्खलन घडवून आणले, आणि फुगा असलेल्या व नसलेल्या बाहुल्या किती खोल गेल्या ते मोजले. फुगेवाल्या बाहुल्या बहुधा वर राहिल्या. पुढे युरोपात या पिशव्यांसाठी एक मानकही ठरले, त्याचा क्रमांक ईएन १६७१६. फुग्याचे आकारमान किमान किती लिटर हवे, तो किती वेळात फुगावा, मूठ किती जोराने ओढावी लागावी, असल्या गोष्टी ते ठरवते. पिशवीवर हा क्रमांक नसेल तर पुढे बोलूच नये. परंतु बाहुलीच्या परीक्षेत एक गोष्ट सुटते. बाहुलीचा फुगा आधीच उघडलेला असतो किंवा दुसराच कोणी दुरून उघडतो. बाहुली घाबरत नाही, आणि तिला मूठ शोधावी लागत नाही.

खरी परीक्षा माणसांची. पूर्वी विक्रीच्या पत्रकांत असे छापलेले असे की फुगा उघडलेल्यांपैकी शेकडा ९७ जण वाचले. आकडा खोटा नव्हता, पण त्यातून निघणारा अर्थ फसवा होता. कारण लगेच विचारले पाहिजे की फुगा नसलेल्यांपैकी किती वाचले? एखादा वैद्य म्हणाला, माझ्या काढ्याने सर्दीचे शंभरांतले नव्वद रोगी बरे झाले, तर शहाणा माणूस विचारील, काढा न घेणाऱ्यांपैकी किती झाले? २०१४ साली पास्कल हेगेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतल्या अपघातांच्या नोंदी जमवून नेमका हा प्रश्न विचारला. एकाच हिमस्खलनात पिशवीवाले आणि बिनपिशवीचे दोघेही सापडले असतील अशा घटना त्यांनी मुख्यतः तपासल्या, म्हणजे डोंगर तोच, बर्फ तोच, फरक फक्त फुग्याचा. निष्कर्ष असा निघाला: गंभीरपणे सापडलेल्या शंभरांपैकी फुगा न फुगलेले २२ मेले, फुगा फुगलेले ११ मेले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावयास हवेत. मृत्यू निम्म्यावर आले, हे फार मोठे यश आहे. आमचा मुलगा त्या वाचलेल्या अकरांत असेल तर लाख रुपये काय, घर विकणेही आम्हांस स्वस्त वाटेल. पण फुगा उघडूनही शंभरांपैकी अकरा गेलेच, हेही तितकेच खरे.

आणि त्याच अभ्यासातला तिसरा आकडा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पिशवी पाठीवर असलेल्या शंभरांपैकी वीस जणांचा फुगा फुगलाच नाही. का फुगला नाही? काही ठिकाणी यंत्र बिघडले, काही ठिकाणी निगा नीट राखली नव्हती, काही ठिकाणी पिशवीच फाटली. पण त्या वीसांपैकी बाराजणांच्या बाबतीत कारण एकच होते: मूठ ओढली गेली नाही. आपण साधा हिशेब करू. ऐंशी जणांचा फुगा उघडला, त्यांतले शेकडा ११ प्रमाणे सुमारे नऊ गेले. वीसांचा उघडला नाही, त्यांतले शेकडा २२ प्रमाणे चार गेले. म्हणजे पिशवी पाठीवर असताना गंभीरपणे सापडलेल्या शंभरांपैकी तेरा जातात. कारखानदार यंत्र सुधारील, मानक कडक होईल; पण त्या न ओढलेल्या बारा मुठींचे काय? त्या कोणत्याही दुकानात दुरुस्त होत नाहीत.

मूठ ओढली का जात नाही, याचा विचार केला म्हणजे कोणास दोष देण्याचे मनात येत नाही. पायाखालचा बर्फाचा थर मोडतो तो काचेसारखा, एकदम. पहिल्या दोन-तीन क्षणांत माणसाला वाटते, निसटून जाऊ. हात काठीच्या पट्ट्यात अडकलेले असतात किंवा तोल सावरण्यात गुंतलेले असतात. तोवर तो उलटापालटा होतो, आणि मग छातीवरची मूठ कोठे आहे हेच कळत नाही. कित्येकांनी तर मूठ पट्ट्याच्या खिशातून बाहेरच काढलेली नसते. गुलमर्गच्या पाळण्यासारख्या बंद डब्यात ती आत बंद ठेवणेच योग्य, कारण तेथे फुगा उघडला तर सगळ्यांचीच पंचाईत. पण वर उतरल्यावर ती बाहेर काढण्याची आठवण राहिली पाहिजे. स्वयंपाकघरातून निघताना गॅसचा नळ पाहण्याची जशी सवय, तशी ही सवय हवी. आणि आपली नव्हे, एकमेकांची मूठ पाहण्याची.

१९ फेब्रुवारी २०१२ ची एक घटना सांगतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पास जवळच्या टनेल क्रीक या उतारावर अनुभवी स्कीपटूंचा मोठा गट उतरत होता. हिमस्खलन झाले. एलिस सॉगस्टॅड या व्यावसायिक स्कीपटूने मूठ ओढली. बर्फाने तिला फार खालपर्यंत फरफटत नेले, परंतु थांबली तेव्हा तिचा चेहरा आणि हात बर्फाबाहेर होते. त्याच प्रवाहात सापडलेले तिघे मरण पावले. त्यांच्याजवळ फुगे नव्हते. ही घटना जगभर गाजली आणि पिशव्यांचा खप वाढला. लोकांनी त्यातून “फुगा असला की माणूस वाचतो” एवढेच घेतले. आम्ही त्यातून आणखी दोन गोष्टी घेतो. एक, तिने वेळेवर ओढले. दुसरी, त्या दिवशी त्या उतारावर जाणारे सारे जाणते होते, धोका मोठा असल्याचे हवामानाच्या सूचनेत आलेले होते, आणि तरी गट मोठा असल्यामुळे “नको” हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारला नाही. जीवघेण्या हिमस्खलनांपैकी बहुतेक स्वतः सापडणाऱ्याने किंवा त्याच्या सोबत्यानेच आपल्या वजनाने सुरू केलेली असतात. फुगा त्यानंतर येतो.

आता खरेदीच्या व्यवहाराकडे येऊ. बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. एका जातीत दाबलेल्या वायूचे नळकांडे असते. मूठ ओढली की वायू सुटतो, आजूबाजूची हवाही आत ओढून घेतो आणि काही क्षणांत फुगा भरतो. ही वजनाला हलकी आणि किमतीला कमी. परंतु एकदा ओढली की नळकांडे पुन्हा भरावे किंवा बदलावे लागते, आणि ती सोय आपल्याकडे सहज नाही. शिवाय थंडीत वायूचा दाब उतरतो: घरात वीस अंशांवर भरलेले नळकांडे उणे वीस अंशांत नेले की दाब सुमारे सातवा हिस्सा कमी होतो. कारखानदार हे धरूनच चालतात, पण नळकांडे मुळातच अर्धवट भरलेले असेल तर ही तूट भोवते. म्हणून दर हिवाळ्यापूर्वी ते तराजूवर घालून त्यावर छापलेल्या वजनाशी ताडून पाहावे, किंवा दाबमापक असल्यास त्याचा काटा पाहावा.

दुसऱ्या जातीत विजेचा पंखा असतो. तो बॅटरीवर किंवा वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर चालतो. ही महाग आणि बहुधा जड, पण पुन्हापुन्हा उघडता येते. बॅटरीवर चालणाऱ्या काही पिशव्यांत तर तीन मिनिटांनी पंखा उलटा फिरून फुगा रिकामा करतो, म्हणजे गाडलेल्या माणसापाशी थोडी हवेची पोकळी राहावी.

विमानप्रवासाचाही विचार हवा. आंतरराष्ट्रीय नियमांत दर माणशी अशी एक पिशवी नळकांड्यासह नेण्याची मुभा आहे, पण विमानकंपनीची आधी संमती लागते. अमेरिकेत तर भरलेले नळकांडे नेऊच देत नाहीत. तेव्हा मुंबईहून श्रीनगरला जाणाऱ्याने ही संमती आधीच लेखी घ्यावी, विमानतळावर वाद घालीत बसू नये.

आमचे मत विचाराल तर आपल्याकडच्या नवशिक्याने विजेची जात घ्यावी. कारण एवढेच की तिच्यावर सराव करता येतो. वायूच्या पिशवीचा धनी नळकांडे फुकट जाईल म्हणून ती कधी उघडूनच पाहत नाही, आणि तिची मूठ आयुष्यात पहिल्यांदा ओढतो ती मृत्यूच्या दारात. विजेची पिशवी घरी दिवाणखान्यात पाठीवर बांधा, जाड हातमोजे घाला, डोळे बांधा, आणि कोणी तरी अवचित टाळी वाजवताच मूठ ओढा. उजव्या हाताने, डाव्या हाताने, आडवे पडून, पोटावर पडून. वीसदा करा, पन्नासदा करा. लाठीकाठीच्या आखाड्यात वार बसतो तो विचाराने नव्हे, हे आपल्याला ठाऊक आहे. दुकानातही पिशवी भरून, पाठीवर चढवून पाहावी. मूठ आपल्या हाताच्या बाजूला बदलता येते का पाहावे. मांडीमधून जाणारा पट्टा आहे का आणि तो बांधूनही चालता येते का पाहावे, कारण तो न बांधल्यास फुगा पिशवीला वर ओढून नेतो आणि माणूस खाली निसटतो.

आणि पैसे थोडे असतील तर? समजा, आपल्या गावच्या एखाद्या गिर्यारोहण मंडळाने आठ जणांसाठी अडीच-तीन लाख रुपये जमवले. त्यांत दोन-तीन पिशव्या येतील, किंवा आठही जणांना बीकन, सळई आणि फावडे येईल. आम्ही निःशंकपणे दुसरी वाट धरू. फुगा एकट्याला वाचवतो. बीकन मात्र सगळ्यांजवळ असले आणि सगळ्यांना वापरता आले तरच उपयोगी. त्याच्यात एकमेकांची जबाबदारी गृहीत आहे. तीन वस्तू, त्यांचे शिक्षण, आणि नंतर उरलेल्या पैशांतून पिशवी, असा क्रम असावा. आपल्याकडे संरक्षण संशोधनाची चंदिगडची संस्था हिमालयातल्या हिमस्खलनांचा अंदाज प्रसिद्ध करते. तो वाचावयास एक पैसाही लागत नाही.

आता शेवटचा मुद्दा. माणसाच्या मनाचा एक धर्म असा आहे की संरक्षण मिळाले की तो धाडस वाढवतो. छत्री आहे म्हणून पावसात निघणे योग्यच. पण छत्री आहे म्हणून पुराच्या पाण्यात उतरणारे लोकही असतात. पिशवीने मिळवलेला निम्मा लाभ दुप्पट धोक्याच्या उतारावर जाऊन परत घालवता येतो, आणि हिशेब जुळला तो जुळलाच. यावर आमच्यापाशी एकच कसोटी आहे. उताराच्या माथ्यावर उभे राहून स्वतःला विचारावे: आज माझ्या पाठीवर ही पिशवी नसती तर मी येथून उतरलो असतो काय? उत्तर “नाही” असेल तर पिशवी असूनही उतरू नये.

तेव्हा मुलाने विचारलेल्या प्रश्नाला बापाने काय उत्तर द्यावे? आम्ही म्हणू, जरूर घेऊन द्यावी. ऐपत असेल तर हात आखडू नये. पण पैसे मोजण्यापूर्वी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात. तुझ्याबरोबर कोण जाणार आणि त्यांना बर्फ उपसून तुला दहा मिनिटांत बाहेर काढता येते काय? मूठ तू किती वेळा ओढून पाहिली आहेस? आणि सगळे “चला” म्हणत असताना “मी येत नाही” असे तू पूर्वी कधी म्हणाला आहेस काय? या तिन्हींची उत्तरे त्याने नजर न चुकवता दिली, तर बापाने दुकानात खुशाल जावे. दिली नाहीत, तर पैसे तूर्त बँकेत ठेवावेत आणि मुलाला प्रथम शिकावयास पाठवावे. डोंगर पुढच्या हिवाळ्यातही तेथेच असतो.